अंगणातील यंत्रशाळा आणि सार्वजनिक रस्ता



काशी म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर घाट, देवळे, संस्कृत पाठशाळा आणि शहनाई यांचे चित्र उभे राहते. परंतु या नगरीची आणखी एक परंपरा आहे आणि आजच्या विषयाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. मदनपुरा, अलईपुरा या वस्त्यांत बनारसी वस्त्र विणणाऱ्या विणकराचा माग त्याच्या घरातच असतो. ज्या खोलीत माग बसविलेला असतो, तिच्या शेजारीच कुटुंबाचा संसार चालतो. नवी नक्षी काढावयाची झाली की विणकर मागाची जोडणी बदलतो, दोऱ्या नव्याने बांधतो, जॅकार्डची भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने नव्या क्रमाने ओवतो. यंत्र कोणी का बनविलेले असेना, ते आपल्या कामाजोगे करून घेणे हा आपला हक्कच आहे, असे तो मनोमन धरून चालतो.

मोटारसायकल आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेणारा आणि घराच्या पडवीत सुटे भाग जोडून लहानशी मोटारगाडी उभी करणारा कारागीर हा या विणकराचाच भाऊबंद होय. दोघांमध्ये फरक आहे तो एवढाच, की विणकराचा माग घराबाहेर पडत नाही आणि मोटारगाडी मात्र घराबाहेर पडण्यासाठीच बनविलेली असते. ती ज्या रस्त्यावर जाते तो रस्ता सर्वांचा आहे. त्यावर शाळेत जाणारी मुले आहेत, सायकलरिक्षा आहेत आणि गाई आहेत. घरात केलेल्या कामाचा परिणाम घराबाहेरच्या माणसाला भोगावा लागण्याची शक्यता येथे प्रथमच उत्पन्न होते. या विषयातील बहुतेक सर्व प्रश्न या एका फरकातून निघतात.

जुन्या यंत्रातून नवे यंत्र घडविण्याचे काम याच शहरात फार मोठ्या प्रमाणावरही झालेले आहे. येथील डिझेल रेल्वे इंजिन कारखाना १९६१ साली स्थापन झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये त्याचे पहिले इंजिन राष्ट्राला अर्पण करण्यात आले. २०२० पासून हा कारखाना ‘बनारस रेल इंजिन कारखाना’ या नावाने ओळखला जातो. डिझेल इंजिनाचे निम्मे आयुष्य सरले की त्याची मोठी डागडुजी करावी लागते. तशी वेळ आलेली दोन इंजिने २०१७ च्या अखेरीस या कारखान्याने हाती घेतली आणि त्यांची दुरुस्ती करण्याऐवजी ती विजेवर चालणारी केली. संकल्पनेपासून प्रत्यक्ष इंजिनापर्यंतचे हे काम ६९ दिवसांत पुरे झाले. प्रत्येकी २,६०० अश्वशक्तीच्या इंजिनांच्या जागी प्रत्येकी ५,००० अश्वशक्तीची दोन जोड इंजिने उभी राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये वाराणसीतच त्यांना हिरवी झेंडी दाखविण्यात आली.

गंगेवरही असेच घडले. हाताने वल्हवायच्या नावांना नावाड्यांनी पाण्याच्या पंपाची डिझेल इंजिने बसविली होती. त्यांचा धूर आणि कर्कश आवाज घाटांवर नकोसा झाला, तेव्हा २०२१ च्या सुमारास गेल या सार्वजनिक कंपनीच्या साहाय्याने नावा नैसर्गिक वायूवर चालविण्याची योजना सुरू झाली आणि खिडकिया घाटापाशी वायू भरण्याचे तरंगते केंद्र उभे राहिले. पहिला बदल नावाड्यांनी आपल्या बुद्धीने केला, दुसरा बदल शासनाच्या योजनेतून झाला. पण लाकडाची नाव तीच राहिली.

तेव्हा जुन्या सांगाड्यात नवा प्राण ओतणे ही काही चोरटी किंवा कमी प्रतीची विद्या नव्हे. मग हेच काम एखाद्या लोहाराने आपल्या अंगणात केले, की ते एकदम बेकायदेशीर कसे ठरते? आणि ते तसे ठरविण्यात समाजाचे काही खरे हित आहे काय? या प्रश्नांचा विचार दोन्ही बाजूंनी करावयास हवा.

प्रथम कारागिराची बाजू पाहू. मोटारसायकलीचे वैशिष्ट्य असे, की तिचे सारे अवयव उघडे असतात. इंजिन, साखळी, तारा, ब्रेकच्या दोऱ्या या सर्व गोष्टी डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात. त्यामुळे ती पाहता पाहताच माणूस शिकतो. आपल्या देशात या शिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे ‘बुलेट’. १९५५ पासून मद्रासजवळ तिची निर्मिती सुरू झाली. एकच सिलिंडर, सोपी रचना, जाड लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि कोणत्याही शहरात मिळणारे सुटे भाग यांमुळे ती गावोगावच्या मिस्त्रींची पाठ्यपुस्तक होऊन बसली. पेट्रोल महाग झाले तेव्हा काही मिस्त्रींनी तिच्या सांगाड्यात शेतीकामाचे डिझेल इंजिन बसविले. पुढे खुद्द कंपनीनेच ‘टॉरस’ नावाची डिझेल मोटरसायकल बाजारात आणली. तिच्यात ३२५ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. ती वेगाने धावत नसे, पण थोड्या इंधनात लांबचा पल्ला गाठी.

सौराष्ट्रात मोटारसायकलीच्या पुढच्या अर्ध्या भागाला मागे गाडा जोडून ‘छकडा’ नावाचे वाहन तयार झाले आणि माणसे व माल वाहून नेऊ लागले. याच प्रदेशातील अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेटचे मागचे चाक काढून तेथे दोन चाके आणि नांगर-कुळव जोडण्याची दांडी बसविली. बैलजोडी परवडत नाही आणि ट्रॅक्टर तर त्याहूनही परवडत नाही, अशा शेतकऱ्यासाठी हे यंत्र होते. ‘बुलेट सांती’ या नावाने ते प्रसिद्धीस आले आणि त्याला अमेरिकेतील पेटंटही मिळाले. ज्या यंत्राला परदेशातील पेटंट कार्यालयाने नवा शोध म्हणून मान्यता दिली, त्याचा जन्म एका खेड्यातील कर्मशाळेत झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या विद्येचा सर्वांत विलक्षण उपासक मात्र न्यूझीलंडमध्ये होऊन गेला. इन्व्हरकार्गिल या गावचे बर्ट मन्रो यांनी १९२० साली ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीची एक मोटारसायकल विकत घेतली. ती तेव्हा ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने धावे. पुढची चार दशकांहून अधिक वर्षे मन्रो तीच गाडी सुधारीत राहिले. दट्ट्ये त्यांनी जुन्या डब्यांचे साचे करून स्वतः ओतले आणि दट्ट्यांना जोडणारे दांडे ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून घडविले. कितीदा तरी इंजिन फुटले, कितीदा तरी ते पुन्हा उभे राहिले. अखेर १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या सपाट मैदानावर त्यांनी त्या गाडीवर ताशी २९५ किलोमीटरचा वेग गाठून १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या गटात विक्रम नोंदविला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मन्रो यांनी हा वेग मिठाच्या मैदानावर गाठला. तेथे समोरून कोणी येत नव्हते.

आता मोटारगाडीकडे वळू. ज्या गाडीचे भाग एका संचाच्या रूपाने मिळतात आणि विकत घेणारा ते स्वतः जोडतो, तिला किट कार म्हणतात. ब्रिटनमध्ये ही प्रथा रुजली त्याचे एक कारण अगदी रोकडे होते. तयार मोटारीवर खरेदीकर असे. सुट्या भागांवर तो नसे. ‘ऑस्टिन सेव्हन’ या जुन्या छोट्या मोटारीचा सांगाडा घेऊन त्यावर आपल्या हाताने अंग चढविणारे हौशी लोक तेथे पुष्कळ होते. १९५७ साली बाजारात आलेली ‘लोटस सेव्हन’ ही गाडी संचाच्या रूपाने विकली गेली आणि अनेक तरुणांनी ती घराच्या गॅरेजमध्ये जोडली. १९७३ साली करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली. परंतु छंद संपला नाही. आपल्याकडे असे संच विकणारी बाजारपेठ उभी राहिली नाही. आपला संच म्हणजे भंगार बाजार. मोडलेल्या रिक्षाचा आस, जुन्या जीपचे चक्र, दुचाकीचे इंजिन या वस्तू तेथे किलोवर मिळतात आणि त्यांची जोडणी कशी करावी याची पुस्तिका सोबत कोणी देत नाही.

म्हणूनच या कामात बुद्धी कोठे लागते हे पाहणे उद्बोधक ठरेल. घरी बनविलेल्या कोणत्याही वाहनाला तीन परीक्षा द्याव्या लागतात. ते चालले पाहिजे, वळले पाहिजे आणि थांबले पाहिजे.

चालण्याची परीक्षा दिसते तेवढी अवघड नाही, तरी तिच्यातही खाचाखोचा आहेत. मोटारसायकलीचे इंजिन बहुधा वाऱ्याने थंड होते. गाडी धावत असते आणि समोरचा वारा इंजिनाच्या कडांवरून वाहत असतो. तेच इंजिन मोटारीच्या पत्र्याखाली बसविले की वारा बंद होतो आणि इंजिन तापून दट्ट्या अडकतो. रिक्षाच्या इंजिनाला याच कारणासाठी पंखा जोडलेला असतो. मोटारसायकलीचा क्लच दीडशे किलोची गाडी आणि दोन माणसे ओढण्यासाठी बनविलेला असतो. त्याला चारशे किलोची मोटार ओढावयास लावली तर तो घसरू लागतो आणि जळतो. शिवाय मोटारसायकलीला मागे जाण्याचा गिअर नसतो. अरुंद गल्लीत शिरलेली घरगुती मोटार बाहेर काढण्यासाठी मग चार माणसांना हाक मारावी लागते. रिक्षाच्या यंत्रणेत मागे जाण्याची सोय असते, म्हणून अनुभवी मिस्त्री मागचा आस आणि गिअर रिक्षाचेच घेणे पसंत करतात.

वळण्याची परीक्षा अधिक सूक्ष्म आहे. मोटारसायकलीचे पुढचे दोन दांडे जमिनीला काटकोनात नसतात. ते मागे कललेले असतात. हा कल सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंशांचा असतो. त्यामुळे ज्या रेषेभोवती पुढचे चाक वळते ती रेषा पुढे वाढविली असता, चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. हे अंतर काही सेंटिमीटरांचेच असते. पण चाक आपोआप सरळ राहते ते त्याच्यामुळे. चित्रपटात पाहून एखादा तरुण पुढचे दांडे वीतभर लांब करून घेतो, तेव्हा हे अंतर वाढते. सरळ मोकळ्या मार्गावर गाडी छान धावते; परंतु गोदौलियाच्या चौकात तीच गाडी वळता वळत नाही. उलट हे अंतर फार कमी झाले तर वेगात असताना हँडल थरथरू लागते. चारचाकीचे कोडे निराळे आहे. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या. म्हणून पुढची दोन्ही चाके सारख्या कोनात वळवून चालत नाही. आतले चाक अधिक वळले पाहिजे. हे ज्याला ठाऊक नसते त्याची गाडी वळणावर टायर घाशीत जाते. आणि मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियलची यंत्रणा नसेल, तर ती वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते.

तिसरी परीक्षा थांबण्याची. येथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम कारागिराच्या विरुद्ध उभा राहतो. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेलेल्या गाडीला थांबविण्यासाठी ब्रेकना चौपट काम करावे लागते आणि त्या सर्व ऊर्जेची उष्णता होते. इंजिन मोठे बसविले आणि ब्रेक मूळचेच ठेवले, तर पहिल्या एकदोन वेळा गाडी थांबेलही. तिसऱ्या वेळी तापलेल्या ड्रमवर ब्रेकचे अस्तर पकड घेत नाही. वेल्डिंगचा प्रश्नही याच वर्गातला आहे. नळीवरची सांध्याची रेघ कितीही सुबक दिसली, तरी तिच्या शेजारची, उष्णतेने स्वभाव बदललेली पट्टी कमकुवत झालेली असू शकते. ती पहिल्या दिवशी तुटत नाही. हजारो धक्के खाऊन एखाद्या दिवशी तुटते आणि तो दिवस अगोदर कळत नाही.

पहिल्या परीक्षेचे यश शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसते. इंजिन फुरफुरले की टाळ्या पडतात, पेढे वाटले जातात, छायाचित्रे निघतात. ब्रेक चांगला लागला म्हणून कोणी पेढे वाटत नाही. अंगणातील यंत्रशाळेची सारी दुर्बलता या एका गोष्टीत आहे. आणि तिची दुर्बलता म्हणजे बुद्धीचा अभाव नव्हे. तिच्याजवळ तपासणीचे साधन नाही आणि तपासून देणारा त्रयस्थ माणूस नाही, एवढाच तिचा अर्थ.

या संदर्भात दक्षिण महाराष्ट्रातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. तो प्रदेश यंत्रविद्येला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तिकडच्या गावोगावच्या लोहारांनी नांगर आणि पंप यांच्या दुरुस्तीतून ओतकाम व कातकाम आत्मसात केले.

पहिले उदाहरण इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांचे. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झालेले होते. तरीही देश स्वतंत्र होत असतानाच्या काळात त्यांनी सामान्य कुटुंबाला परवडेल अशी लहान मोटार बनविण्याचा ध्यास घेतला. १९४९ च्या सुमारास त्यांची दोन आसनांची पहिली गाडी तयार झाली. तिचे नाव ‘मीरा’. पुढे वीसएक वर्षे ते तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढीत राहिले. इंजिन मागे ठेवणे, पोलादी कमानींऐवजी रबराचा उपयोग करून धक्के शोषून घेणे, भागांची संख्या कमी करून किंमत उतरविणे, ही त्यांच्या रचनेची वैशिष्ट्ये होती. १९७० च्या सुमारास सुमारे १२,००० रुपयांत ही गाडी देता येईल असा त्यांचा हिशेब होता. गाड्या रस्त्यावर धावल्या, त्यांची नोंदणीही झाली. परंतु कारखाना काही उभा राहिला नाही. परवाना, जागा, भांडवल आणि करसवलत या चार दारांपैकी एकही वेळेवर उघडले नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची छोटी मोटार जपानी सहकार्याने भारतीय रस्त्यांवर आली, तेव्हा लहान गाडीची गरज होती हे सर्वांनाच पटले. मीरा मात्र आठवणीपुरती उरली.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या देवराष्ट्रे या गावी दत्तात्रय लोहार या कारागिराने मुलाच्या हट्टापायी भंगारातील भागांपासून एक लहानशी जीपसारखी गाडी बनविली. खर्च सुमारे ६०,००० रुपये आला. ही गाडी मोटारसायकलीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पोहोचली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कारागिराच्या कल्पकतेचे मनापासून कौतुक केले आणि त्याच श्वासात एक कटू सत्यही सांगितले : ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर अडवतील. म्हणून त्या गाडीच्या बदल्यात त्यांनी लोहारांना नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही.

ही गोष्ट ऐकून मन आनंदते, आणि आनंदावे हे योग्यच आहे. परंतु तिचा थोडा खोल विचार केला तर एक अस्वस्थता मागे उरते. एका कारागिराच्या प्रश्नाचे उत्तर एका उदार माणसाने दिले. ज्याची चित्रफीत कोणाच्या नजरेस पडली नाही, अशा दुसऱ्या कारागिराच्या प्रश्नाचे उत्तर काय?

आता रस्त्याची बाजू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते, की नोंदणी-पुस्तिकेतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडणी करणे निराळे. वाहनाची मूळ रचना बदलणे निराळे. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. नवे वाहन बाजारात आणावयाचे झाल्यास त्याच्या नमुन्याची चाचणी पुण्यातील वाहन संशोधन संस्थेसारख्या मान्य संस्थेकडून करून घ्यावी लागते. मोठ्या कंपनीने हजारो गाड्यांसाठी करावी अशीच ही चाचणी आहे. एकच गाडी बनविणाऱ्या लोहाराला ती झेपणारी नाही.

कायदा कठोर आहे, पण तो वेडा नाही. ज्या गाडीची नोंदणी नाही तिचा विमा उतरत नाही, आणि त्रयस्थाच्या नुकसानभरपाईचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. अंगणात बनविलेल्या गाडीखाली कोणी सापडला तर त्याच्या मुलाबाळांना भरपाई कोण देणार? साठ हजार रुपयांत गाडी उभी करणारा कारागीर ती देऊ शकणार नाही. रस्त्यावरून पायी जाणाऱ्या माणसाने त्या गाडीत बसण्याचे कबूल केलेले नाही, तिचा ब्रेक पाहिलेला नाही आणि तिच्या निर्मितीच्या आनंदात त्याचा वाटाही नाही. धोक्यात मात्र त्याचा वाटा आहे. कौतुकाच्या भरात हे विसरले जाते.

येथे पुन्हा वाराणसीच्या त्या रेल्वे इंजिनाकडे येऊ. रचना बदलण्याचे काम तेथेही झाले, आणि तेही रेल्वेच्या रुळांवर, जेथे एका चुकीची किंमत शेकडो प्राणांनी मोजावी लागते. ते काम निर्वेधपणे झाले याचे कारण तेथील कारागिरांचे हात अधिक कुशल होते एवढेच नव्हे. रेल्वेजवळ स्वतःची संशोधन संस्था आहे, चाचणीचे मार्ग आहेत, सुरक्षिततेची तपासणी करणारे अधिकारी आहेत. बदल करणारा आणि बदल तपासणारा ही दोन माणसे तेथे वेगळी आहेत आणि दोघांचा एकमेकांशी परिचय आहे. अंगणातील कारागिराला तपासणारा भेटतो तो फक्त चौकात, दंडाची पावती हातात घेऊन.

अशी भेट वेगळ्या ठिकाणी घडवून आणता येते, हे इतर देशांनी दाखविले आहे. ब्रिटनने १९९८ साली एकेका वाहनाच्या तपासणीची पद्धत सुरू केली आणि २००९ मध्ये तिला नवे रूप दिले. हौशी माणसाने स्वतः बनविलेली एकच गाडी घेऊन जावी, तपासनिसाने तिचे ब्रेक, चक्र, दिवे, आसनपट्टे, धूर आणि आवाज तपासावेत, दोष असल्यास लिहून द्यावेत, दुरुस्तीनंतर पुन्हा पाहावेत आणि मग नोंदणी व्हावी, अशी ही व्यवस्था आहे. तेथे नापास होणे हा गुन्हा नाही. नापासाचा कागद हाच कारागिराचा पुढचा धडा असतो.

आपल्या कायद्यातही असे एक छोटे दार आहे. शारीरिक अपंगत्व असलेल्या माणसासाठी वाहनात बदल करून घेण्यास आणि अशा ‘अनुकूलित वाहना’च्या नोंदणीस कायदा मुभा देतो. स्कूटरला मागे दोन जादा चाके लावून देणारे मिस्त्री आपण गावोगावी पाहतो. त्या दोन चाकांनी कित्येक माणसांना नोकरीवर जाता आले, मुलांना शाळेत सोडता आले. जेथे गरज पटली तेथे कायदा वाकला आणि त्यामुळे रस्ते असुरक्षित झाले नाहीत.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही एक चांगला पायंडा पडलेला आहे. २००७ पासून इंदूरजवळ पीथमपूर येथे सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी गाडी स्वतः बनवून आणतात. तेथे शर्यतीपूर्वी ब्रेकची परीक्षा होते. पळत्या गाडीची चारही चाके एकाच वेळी जाम झाली पाहिजेत. तसे झाले नाही तर वर्षभर खपून बनविलेली गाडीही शर्यतीत उतरत नाही. अनेक मुले या परीक्षेत पहिल्यांदा नापास होतात, रात्रभर जागून ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढतात आणि सकाळी पुन्हा रांगेत उभी राहतात. त्या रात्रीत ती जे शिकतात ते कोणत्याही वर्गात शिकविता येत नाही.

हीच रांग लोहारासाठी का नसावी? काशीत १९१९ साली बनारस अभियांत्रिकी महाविद्यालयाचे काम सुरू झाले. यांत्रिक आणि विद्युत अभियांत्रिकीच्या शिक्षणात ते देशात अग्रभागी होते. तीच संस्था २०१२ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था म्हणून काम करीत आहे. देशातील बहुतेक जिल्ह्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांच्या आवारात वर्षातून काही दिवस घरगुती वाहनांची तपासणी ठेवता येईल. वेगमर्यादा कमी ठेवावी, गाडी फक्त स्वतःच्या वापरासाठी असावी, एका माणसाला एकच गाडी असावी, विमा सक्तीचा असावा. अशा अटी घालून हे दार उघडले तर रस्त्यावरच्या माणसाचे संरक्षण आजच्यापेक्षा कमी होणार नाही, अधिकच होईल. कारण आज या गाड्या बनतच नाहीत असे नाही. त्या बनतात आणि कोणीही न तपासता रात्रीच्या वेळी आडरस्त्याने धावतात.

असा नियम होईल तेव्हा होवो. तोपर्यंत अंगणातील कारागिराने एक गोष्ट आपल्या हाताने करावी. भंगार बाजारात गेल्यावर पहिल्या दिवशी इंजिन पाहू नये. प्रथम ब्रेक पाहावेत, ड्रमवरचे ओरखडे बोटाने चाचपावेत, अस्तराची जाडी मोजावी, नळी चिरलेली नाही ना ते उजेडात धरून पाहावे. जेवढे वजन आणि जेवढा वेग हे ब्रेक थांबवू शकतील, तेवढ्याच बेताचे इंजिन मग शोधावे. आणि गाडी तयार झाल्यावर ती स्वतःच्या शेतातील किंवा मालकीच्या मोकळ्या जागेतील बांधापर्यंत चालवून पाहावी. बांधापाशी ती थांबली, तर पेढे त्या दिवशी वाटावेत.